अल्बम बदलला की आवाज एकदम वर-खाली होतो: पोर्टेबल प्लेअरवरची पातळी सारखी कशी करावी

आधी लक्षण नेमकं ठरवा

'गाणी एकसारखी वाजत नाहीत' या एका तक्रारीखाली अनेक वेगळे दोष लपलेले असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की गोंधळ वाढतो. म्हणून काहीही बदलण्याआधी तीन फाइली निवडा: तबकडीवरून किंवा कॅसेटवरून घेतलेलं एखादं जुनं नाट्यगीत, गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं एक चित्रपटगीत आणि ख्यालगायनाची एक फाइल. व्हॉल्यूमला हात न लावता प्रत्येकीचा मधला अर्धा मिनिट ऐका. सुरुवात ऐकून ठरवू नका. सुरुवातीचे स्वर किंवा नुसता तानपुरा यांवरून गाण्याची पातळी कळत नाही.

आता खालीलपैकी काय जुळतं ते पाहा.

- अल्बमच्या आत सगळं ठीक, पण अल्बम बदलला की आवाज उसळतो किंवा बसतो. ही मूळ तक्रार.
- बहुतेक गाणी एका पातळीवर, पण मधूनच काही फार जोरात. त्या फाइलींत पातळीचे टॅग (फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीच्या नोंदी) नाहीत.
- एकाच मैफलीतले दोन ट्रॅक, विलंबित आणि द्रुत, अगदी सारख्याच जोराने वाजतात. 'ट्रॅक गेन' (प्रत्येक गाणं वेगळं मोजून सारखं करणारं सेटिंग) चालू आहे.
- एखादा जुना संग्रह इतका हळू, की व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही पुरत नाही. एकतर गेन (पातळी किती वाढवायची-कमी करायची तो आकडा) दोनदा लागतो आहे, किंवा पीकमुळे (गाण्यातल्या सर्वांत उंच टोकामुळे) अडतो आहे.
- गाण्यातल्या जोराच्या जागी आवाज फाटतो. पातळी वाढवताना जागा उरलेली नाही.
- एका कानात कमी ऐकू येतं, पिन हलवली की फरक पडतो. याचा गाण्यांशी संबंध नाही.
- एकाच गाण्यात आलाप ऐकू येत नाही आणि ताना आदळतात. हा गाण्याच्या अंगचाच चढउतार आहे. त्याचं शेवटी पाहू.

हा फरक मुळात येतो कुठून

प्रत्येक डिजिटल फाइलला वरची मर्यादा एकच असते, पण त्या मर्यादेखाली गाणं किती ठासून भरायचं हे मास्टरिंग करणारा, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवणारा, ठरवतो. १९९०च्या दशकापासून डिजिटल लिमिटर (उंच टोकं दाबणारं साधन) वापरून गाणी अधिकाधिक जोरात करायची चढाओढ लागली. त्यामुळे आजचं चित्रपटगीत सरासरी -८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरात) आसपास सापडतं, तर जुनं नाट्यगीत -२१ला असू शकतं. म्हणजे १३ डेसिबलचा फरक. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं की दचकायला का होतं ते कळेल.

उपाय २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडला: रिप्लेगेन. गाणं आधी मोजायचं, किती वाढवायचं किंवा कमी करायचं तो आकडा टॅगमध्ये लिहायचा, आणि वाजवताना प्लेअरने तो लावायचा. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. टॅगमध्ये चार नोंदी असतात: ट्रॅक गेन, ट्रॅक पीक, अल्बम गेन, अल्बम पीक. आजचे स्कॅनर (गाणी मोजून टॅग लिहिणारे प्रोग्रॅम) -१८ एलयूएफएस ही पातळी धरतात, म्हणून वरच्या चित्रपटगीताला -१० आणि नाट्यगीताला +३ असा आकडा मिळेल. हे गणित डोक्यात ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे.

१. फाइलींना हात लावण्याआधी

पाच मिनिटांचं, फुकटचं काम.

इअरफोनची पिन काढून पुन्हा घट्ट बसवा. खिशातला कापूस-धूळ जॅकच्या तळाशी दाबली जाते आणि पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. मग एक बाजू जाते, किंवा गायकाचा आवाज पातळ होऊन वाद्यंच पुढे येतात. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी वापरू नका, आतल्या पत्त्या वाकतात.

एका कानात कमी येत असेल तर इअरफोनची डावी-उजवी बाजू अदलाबदल करून घाला. दोष इअरफोनबरोबर फिरला तर इअरफोन किंवा जॅक खराब. दुसऱ्या इअरफोनवरही प्लेअरची तीच बाजू कमी येत असेल तर जॅक. आणि काहीही घातलं तरी त्याच कानाला कमी येत असेल तर दोष यंत्रात नाही.

इक्वलायझर पूर्ण बंद करा, बास बूस्टही. काही प्लेअर गाण्याच्या प्रकारानुसार वेगळा इक्वलायझर लावतात, आणि मग अल्बमगणिक आवाज बदलल्यासारखा वाटतो. +६वर ओढलेला बास हे आवाज फाटण्याचंही नेहमीचं कारण.

ब्लूटूथवर ऐकत असाल तर एकदा वायरने ऐकून पाहा. वायरवर तक्रार नाहीशी झाली तर प्रश्न ब्लूटूथच्या व्हॉल्यूमचा आहे. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' हा पर्याय उलटा करून, जोडणी तोडून पुन्हा जोडा.

२. प्लेअरचं सेटिंग

रॉकबॉक्स (प्लेअरमध्ये मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर प्लेबॅक सेटिंग्जमध्ये रिप्लेगेन. फियो, हायबी यांसारख्या प्लेअरवर संगीत अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये, आणि फोनवर पॉवरअ‍ॅम्पमध्ये ऑडिओ या भागात. जुन्या आयपॉडवर याचं नाव 'साउंड चेक', आणि त्याची एक खोच आहे: ते आयट्यून्समध्येही चालू करावं लागतं आणि आयपॉडमध्येही. मोजणी आयट्यून्स करतं, लावतो आयपॉड. साउंड चेक रिप्लेगेनचे टॅग वाचत नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमने कितीही टॅग लिहिले तरी त्याला पत्ता नसतो. सोनीच्या वॉकमनमधला 'डायनॅमिक नॉर्मलायझर' हीसुद्धा वेगळी, टॅगविना चालणारी सोय आहे.

एका वेळी एकच सोय चालू ठेवा. रिप्लेगेनच्या वर नॉर्मलायझर चालू राहिला तर दोघं एकमेकांचं काम बिघडवतात आणि गाण्याच्या मध्येच पातळी हलताना ऐकू येते.

आता सर्वांत महत्त्वाची निवड: ट्रॅक की अल्बम. माझं मत ठाम आहे, अल्बम गेन. ट्रॅक गेन प्रत्येक गाणं वेगळं मोजतो. विलंबित ख्याल मूळचा शांत, म्हणून त्याला वर उचलतो. द्रुत भरलेला, म्हणून त्याला खाली दाबतो. गायकाने तासभर रचत नेलेली चढण सपाट होते. आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असतील तर जोडाशीच आवाजाची पायरी पडते. अल्बम गेन सगळ्या अल्बमला एकच आकडा लावतो: आतलं प्रमाण जसंच्या तसं, फक्त अल्बम एकमेकांच्या बरोबरीला येतात. शफलवर सुटी गाणी ऐकताना ट्रॅक गेन योग्य आहे. रॉकबॉक्समध्ये 'शफल असेल तर ट्रॅक गेन' असा तिसरा पर्याय मिळतो. तो लावून विसरून जा.

'प्रिव्हेंट क्लिपिंग' (क्लिपिंग म्हणजे पातळी मर्यादेपलीकडे जाऊन आवाज फाटणं) चालू, प्री-अ‍ॅम्प (सगळ्या गाण्यांना सरसकट दिलेली वाढ) शून्यावर. सगळं हळू वाटलं तर आधी व्हॉल्यूम वाढवा. -१८ची पातळी आजच्या गाण्यांपेक्षा बरीच खाली आहे, त्यामुळे रिप्लेगेन लावल्यावर आवाज कमी वाटणं अपेक्षितच. तरी पुरत नसेल तर प्लेअरची व्हॉल्यूम मर्यादा कुठे ठेवली आहे ते पाहा, आणि मग प्री-अ‍ॅम्प +३पर्यंत न्या. त्यापुढे नको.

३. तुमचा प्लेअर टॅग वाचतो का?

हे न तपासता लोक आख्खा संग्रह स्कॅन करतात आणि मग काहीच बदललं नाही म्हणून हैराण होतात. चाचणी सोपी आहे. एका गाण्याच्या दोन प्रती करा. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या प्रतीच्या ट्रॅक गेन आणि अल्बम गेन या दोन्ही नोंदींत -२० डीबी लिहा. दोन्ही प्रती प्लेअरवर लागोपाठ वाजवा. दुसरी अगदी हळू वाजली तर प्लेअर टॅग वाचतो. दोन्ही सारख्या वाजल्या तर वाचत नाही, सरळ पायरी ५वर जा. आकडा उणेच ठेवा. +२०ची चाचणी कानाला इजा करेल.

गाडीतले बहुतेक स्टिरिओ, पेन ड्राइव्हवर चालणारे स्पीकर आणि स्वस्त एमपी३ प्लेअर टॅग वाचत नाहीत.

काही प्लेअर वाचतात पण अर्धवट: फक्त आयडी३ या नेहमीच्या टॅग-प्रकाराची २.३ आवृत्ती समजते, २.४ नाही, किंवा एपीई हा दुसऱ्या प्रकारचा टॅग दिसतच नाही. चाचणी नापास झाली तर टॅग २.३मध्ये साठवून एकदा पुन्हा करून पाहा. जे प्लेअर स्वतःची सूची बनवतात त्यांच्यावर टॅग बदलल्यानंतर लायब्ररी पुन्हा स्कॅन करा.

४. टॅग आहेत, पण बरोबर आहेत का?

बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून इथे घाई करू नका.

*काही फाइलींत टॅगच नाहीत.* टॅग असलेली चित्रपटगीतं ८-१० डेसिबलने खाली येतात. नंतर टाकलेलं, टॅग नसलेलं गाणं मूळ जोराने वाजतं आणि म्हणून दचकवतं. एमपी३टॅगमध्ये अल्बम गेनचा स्तंभ लावून त्यावर क्रम लावा, रिकाम्या ओळी एकत्र दिसतील. नवीन गाणी प्लेअरवर टाकण्याआधी स्कॅन करण्याची सवय लावणं हाच यावरचा उपाय.

*अल्बमची जुळणी चुकली आहे.* फूबार२००० हा संगणकावरचा प्लेअर 'स्कॅन सिलेक्शन अ‍ॅज अल्बम्स, बाय टॅग्ज' या आज्ञेने अल्बमचं नाव, अल्बम कलाकार आणि वर्ष पाहून गट पाडतो. इथे मराठी संग्रहांची दोन हमखास दुखणी आहेत. पहिलं: एकाच अल्बमच्या निम्म्या गाण्यांचं नाव देवनागरीत, निम्म्यांचं रोमनमध्ये, किंवा कुठे वर्ष आहे कुठे नाही. मग एका अल्बमचे दोन होतात आणि दोन वेगळे आकडे पडतात. दुसरं त्याहून वाईट: अल्बमची जागा रिकामी किंवा 'अननोन अल्बम'. मग भजनं, लावण्या, चित्रपटगीतं अशी शेकडो गाणी एकच अल्बम समजली जातात, सगळ्यांना एकच आकडा मिळतो, आणि पातळीत तसूभरही फरक पडत नाही. टॅग आहेत, सेटिंग चालू आहे, तरी उपयोग नाही, असं दिसलं तर लागोपाठच्या गाण्यांचे अल्बम गेन तुलना करून पाहा. सगळीकडे एकच संख्या म्हणजे हाच दोष.

नावं नीट करा आणि पुन्हा स्कॅन करा. तेवढा वेळ नसेल तर एक अल्बम एक फोल्डर अशी मांडणी करून आरएसगेन या स्कॅनरची 'ईझी' पद्धत वापरा. ती टॅगकडे न पाहता प्रत्येक फोल्डर एक अल्बम धरते. सुट्या गाण्यांच्या फोल्डरला मात्र ट्रॅक गेनच बरा.

*गेन दोनदा लागतो आहे.* कोणीतरी पूर्वी एमपी३गेन या प्रोग्रॅमने फाइलच ९ डेसिबल खाली आणली, पण आत जुना -९चा टॅग तसाच राहिला. प्लेअर तो पुन्हा लावतो आणि गाणं एकूण १८ने बसतं. सगळे रिप्लेगेन टॅग, आयडी३ आणि एपीई दोन्हीतले, काढून टाका आणि नव्याने मोजा.

*ओपस फाइली हळू.* ओपस या फाइल-प्रकाराचा स्वतःचा टॅग -२३ एलयूएफएस धरतो, बाकीच्यांचा -१८. हा ५ डेसिबलचा फरक न भरणाऱ्या प्लेअरवर ओपसची गाणी नेमकी तेवढीच खाली वाजतात.

*मोनो फाइली जोरात.* जुनी ध्वनिमुद्रणं एका चॅनलच्या मोनो फाइलीत असतील तर आजची मोजणी त्यांना ३ डेसिबलने हळू समजते, पण वाजतात मात्र त्या दोन्ही कानांत. स्कॅनरमध्ये 'ड्युअल मोनो' पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर त्या संग्रहाचे आकडे हाताने ३ने कमी करा.

*एक टकटक सगळा संग्रह अडवते.* तबकडीवरून घेतलेल्या गाण्यांत हे फार होतं. समजा गाणं शांत आहे आणि त्याला +७ची गरज आहे. पण तबकडीवरच्या एका ओरखड्याची 'टक्' पूर्ण उंचीला गेलेली आहे, म्हणून पीक ०.९८. क्लिपिंग टाळायचं तर प्लेअर फक्त ०.२ डेसिबल वाढवू शकतो. पीक ०.५ असता तर ६ डेसिबलची मोकळी जागा असती. अल्बम गेनमध्ये तर अल्बम पीक मोजला जातो, म्हणजे बारा गाण्यांपैकी एकातली एक टक् बाकी अकरांनाही खाली ठेवते. ट्रॅक पीक एकेक करून पाहा; ज्याचा बाकीच्यांपेक्षा फटकून वर आहे ती फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. सुटी टक् असेल तर ती मोठी करून निवडा आणि 'रिपेअर' चालवा. तो एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच दुरुस्त करतो. बऱ्याच असतील तर 'क्लिक रिमूव्हल', पण हलक्या हाताने, नाहीतर तबल्याची चाटी आणि झांजेची टोकं बोथट होतात. काम नेहमी प्रतीवर करा. नंतर पुन्हा स्कॅन करायला विसरू नका, जुना पीक आपोआप बदलत नाही.

५. प्लेअर टॅग वाचतच नसेल तर

आता फाइल बदलावी लागते, म्हणून आधी मूळ संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. हे ऐच्छिक नाही.

एमपी३साठी एमपी३गेन. एमपी३च्या प्रत्येक तुकड्यात पातळीचा एक आकडा साठवलेला असतो; हा प्रोग्रॅम फक्त तोच बदलतो. गाणं पुन्हा दाबलं जात नाही, दर्जा घटत नाही. बदल १.५ डेसिबलच्या पायऱ्यांत होतो, म्हणून प्रत्येक अल्बममध्ये ठरवलेल्या पातळीपासून पाऊण डेसिबलपर्यंत फरक उरू शकतो. तो कानाला सहसा जाणवत नाही. किती बदललं ते एपीई टॅगमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यावरूनच बदल मागे घेता येतो. म्हणून ते टॅग नंतर पुसू नका.

कृती: फोल्डर टाका, पातळी ८९ डेसिबलवर ठेवा, अल्बम अ‍ॅनालिसिस चालवा. 'क्लिपिंग' स्तंभात कोणती गाणी येतात ते पाहा, मग अल्बम गेन लावा. गाडीत इंजिनाच्या आवाजावर ८९ कमी पडतं, तिथे ९२ चालेल. ९५च्या पुढे पुष्कळ गाणी फाटायला लागतात. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर विंडोजवरचा जुना एमपी३गेन अडखळतो. तेव्हा फूबार२०००मधली 'अ‍ॅप्लाय गेन टू फाइल कंटेंट' ही आज्ञा वापरा, तीही हेच काम करते.

फ्लॅक आणि वेव्ह फाइलींत असा आकडा नसतो. मूळ फ्लॅक अजिबात बदलू नका. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये प्रोसेसिंगखाली अल्बम गेन निवडून, पीकनुसार क्लिपिंग टाळण्याची खूण करून, प्लेअरसाठी वेगळी एमपी३ प्रत काढा.

६. गाण्याच्या आतला चढउतार

रिप्लेगेन इथे काही करणार नाही, करूही नये. रेल्वेत किंवा बसमध्ये विलंबित ऐकूच येत नसेल तर कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांचे इअरफोन हा पहिला उपाय. बाहेरचा गोंगाट कमी झाला की शांत भाग आपोआप वर येतो. त्यानेही भागलं नाही तर रॉकबॉक्समधला कंप्रेसर (जोराचे भाग दाबणारी सोय): थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी, -१८च्या आसपास; रेशो, म्हणजे किती दाबायचं ते प्रमाण, २:१. १०:१ लावला तर तानपुरा गायकाच्या बरोबरीने गरजायला लागतो. घरी पोचल्यावर बंद करा.

आणि मुळातच ठासून फाटलेलं गाणं कितीही खाली आणलं तरी फाटलेलंच राहतं. दुसरी, जुनी आवृत्ती मिळाली तर ती घ्या.

इथे थांबा

- जॅक साफ केला, दोन चांगले इअरफोन लावले, तरी एक बाजू येत-जात असेल तर जॅकचा टाका सुटला आहे. हे काम मोबाइल दुरुस्तीच्या ओळखीच्या कारागिराकडे द्या. बारीक सोल्डरिंग घरी करण्यासारखं नाही.
- प्लेअरची पाठ किंवा काच उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद, दाबू नका, स्वतः उघडू नका.
- टॅग लिहिताना वारंवार एरर येत असेल, किंवा लिहिलेले टॅग दुसऱ्या दिवशी गायब असतील, तर मेमरी कार्ड मरायला टेकलं आहे. त्यावर आणखी काही लिहू नका. आधी सगळं कॉपी करून घ्या, मग नवं कार्ड.
- तबकडी किंवा कॅसेट घरातली एकमेव असेल आणि तिचं डिजिटल रूपच खराब असेल, तर सॉफ्टवेअरने घासत बसू नका. ध्वनिमुद्रणं जतन करणाऱ्या जाणकाराकडून योग्य सुईने किंवा साफ केलेल्या हेडवर पुन्हा घ्या. बुरशी धरलेली कॅसेट तर घरच्या डेकमध्ये घालूच नका, हेडही जाईल आणि फीतही.
- इअरफोन बदलूनही एकाच कानाला कमी ऐकू येत असेल किंवा कानात सतत शीळ वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी.